लडाखचे पैसे वेगळे, मिसळीचे पैसे वेगळे

नमस्कार मंडळी. गेल्या काही व्हिडिओंच्या खाली एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येत आहे, म्हणून आज फक्त त्याच्यावरच बोलायचे ठरवले आहे. लडाख, स्पिती किंवा अंदमानसारख्या मोठ्या प्रवासासाठी पैसे साठवायला सुरुवात केली, की तोपर्यंतचा सगळा काळ मन मारून काढायचा का? रविवारची मिसळ बंद, नाटक बंद, पावसाळ्यातली त्र्यंबकची फेरी बंद, असे करावेच लागते का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते तुम्हाला बरे वाटावे म्हणून दिलेले नाही, त्यामागे हिशेब आहे.

मूलभूत गोष्टी पटकन संपवते, कारण त्या तुम्हाला ठाऊक आहेत. कुठे जायचे ते ठरवा, अंदाजे खर्च काढा, हातात असलेल्या महिन्यांनी भागा आणि पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तेवढी रक्कम बँकेच्या आवर्ती ठेवीत (आरडीत) आपोआप जाईल अशी सूचना देऊन टाका. महिनाअखेरीस उरेल ते टाकू, असे म्हणणाऱ्या घरात काहीही उरत नाही.

उदाहरणासाठी असे धरू, की दोघांच्या लडाखच्या प्रवासाला एक लाख वीस हजार रुपये लागणार आहेत. तुमचा आकडा वेगळा असेल. दरमहा साडेसहा हजार रुपयांची अठरा महिन्यांची आवर्ती ठेव केली तर तुमचे स्वतःचे एक लाख सतरा हजार जमतात आणि साडेसहा टक्के दर धरला तर व्याजाचे साधारण सहा हजार मिळतात. आता हा आकडा पाहून घ्या, कारण ‘कोणती बँक पाव टक्का जास्त देते?’ असे विचारणाऱ्या प्रतिक्रियांनी माझे पान भरून गेले आहे. या उदाहरणात पाव टक्क्याचा फरक अठरा महिन्यांत सुमारे दोनशे तीस रुपयांचा पडतो. तेवढ्यासाठी तुम्ही तीन बँकांच्या चकरा मारता, आणि त्या चकरांच्या नादात पहिला हप्ता दोन महिने उशिरा सुरू होतो, याला काय म्हणावे? दर पाहण्याऐवजी ठेव सुरक्षित आहे का ते पाहा. बँकेतील ठेवींना, सहकारी बँका धरून, प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. गल्लीतल्या पतसंस्थेला ते संरक्षण नसते, मग तिथला दर कितीही गोड असो.

पोस्टाच्या आवर्ती ठेवीबद्दलही बरेच जण विचारतात. ती योजना चांगलीच आहे, पण तिची मुदत पाच वर्षांची आहे, तीन वर्षांच्या आत ती बंद करता येत नाही, आणि त्यानंतर मुदतीपूर्वी बंद केली तर व्याज बचत खात्याच्या दराने मिळते. दीड वर्षाने निघायचे असेल तर ती तुमच्या उपयोगाची नाही. शेअर बाजारातल्या एसआयपीचे, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम गुंतवत जाण्याचेही तसेच आहे. नेमक्या तिकिटे काढायच्या महिन्यात बाजार पडला, तर तुम्ही लेहला न जाता बाजार वर येण्याची वाट पाहत बसाल.

‘आधी फिरून या, मग हप्ते भरा’ या जाहिरातींविषयी एवढेच सांगते, की हेच एक लाख वीस हजार वैयक्तिक कर्ज म्हणून चौदा टक्क्यांनी वर्षभरासाठी घेतले, तर सुमारे नऊ हजार तीनशे रुपये व्याजात जातात, प्रक्रिया शुल्क वेगळे. साठवणाऱ्याला सहा हजार मिळाले आणि कर्ज काढणाऱ्याचे नऊ हजार गेले, म्हणजे एकाच प्रवासात दोघांमध्ये पंधरा हजारांचे अंतर पडले.

आता मूळ मुद्दा. समजा, तुम्ही दरमहा आठ हजार रुपये बाजूला काढू शकता. त्यातले साडेसहा हजार लडाखचे आणि दीड हजार या महिन्याच्या विरंगुळ्याचे. इथपर्यंत सगळे मान्य करतात. पण पुढची गोष्ट सांगितली की प्रतिक्रियांमध्ये भांडण सुरू होते: विरंगुळ्याचे दीड हजार महिना संपायच्या आत संपलेच पाहिजेत, आणि उरलेच तर ते लडाखच्या ठेवीकडे वळवायचे नाहीत.

एका प्रेक्षकांनी यावर फार रागाने लिहिले की, ताई, तुम्ही लोकांना उधळपट्टी शिकवता. मी त्यांना आधी आकड्यांतूनच उत्तर देते. एखाद्या महिन्यात चारशे रुपये उरले, दुसऱ्या महिन्यात दोनशे, तिसऱ्यात काहीच नाही. अशी वर्षभराची शिल्लक दोन-तीन हजारांच्या घरात जाईल, आणि त्यातून लडाखमधला एखादा मुक्काम निघेल. त्या एका मुक्कामासाठी तुम्ही बारा महिने प्रत्येक चहाचा हिशेब ठेवणार असाल, तर लडाखचा कंटाळा तुम्हाला निघण्याआधीच येईल. साडेसहा हजारांचा हप्ता आपले काम करतो आहे, त्याला चारशे रुपयांच्या मदतीची गरज नाही.

दुसरे असे की, पैशांचा रस्ता एकदा तयार झाला की त्यावरून दोन्ही बाजूंनी ये-जा सुरू होते. मागच्या महिन्यात चारशे रुपये लडाखला दिले, मग या महिन्यात पाहुणे आले म्हणून लडाखकडून हजार उसने घेतले, असा व्यवहार घरात फार सहज होतो, कारण देणारे आणि घेणारे आपणच असतो. माझ्या मावशींच्या परिचयातल्या एका कुटुंबाने अशाच उसनवारीत ठेव मुदतीआधी मोडली. आवर्ती ठेव मधेच मोडली तर व्याज प्रत्यक्ष जितके महिने झाले तितक्याच मुदतीच्या दराने मिळते आणि बऱ्याच बँका त्यातूनही दंड कापतात, पण त्या कुटुंबाला दंडाचे दुःख नव्हते. एकदा मोडलेली ठेव त्यांनी पुन्हा सुरूच केली नाही, ही खरी हानी होती. रस्ताच नसेल तर उसनवारीचा प्रश्न येत नाही, म्हणून उरलेले पैसेसुद्धा तिकडे नेऊ नका, असे मी म्हणते.

तिसरी बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. घरात काटकसर सुरू झाली की पहिली कात्री कोणाच्या आनंदाला लागते ते नीट पाहा. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. माझ्या सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे त्या आमच्याबरोबर येणार नाहीत, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले आहे. त्यांचा विरंगुळा म्हणजे आमच्या नाशिकच्या महाकवी कालिदास कलामंदिरातले नाटक आणि मे महिन्यातली वसंत व्याख्यानमाला. विरंगुळ्याचे पैसे ‘उरवून’ लडाखकडे वळवायचे ठरवले असते, तर सगळ्यांत आधी त्यांनीच समजूतदारपणे म्हटले असते की, ‘यंदा माझं नाटक राहू दे.’ म्हणजे जी व्यक्ती लडाखला येणारच नाही, तिच्या तिकिटातून आमचा प्रवास झाला असता. विरंगुळ्याची रक्कम वेगळी असावी आणि ती खर्च व्हावीच, हा माझा हट्ट इथून आला आहे. लहान मुलांनाही हेच लागू पडते. त्यांना दीड वर्षानंतरचा डोंगर दिसत नाही, या शनिवारचे आइस्क्रीम मात्र दिसते.

‘पण नाशिकमध्ये करायला आहे काय?’ ही प्रतिक्रिया वाचली की मला खरोखर राग येतो, आणि ती लिहिणारे बहुतेक वेळा इंदिरानगर नाहीतर गंगापूर रोडवरच राहत असतात. पांडवलेणीला तुम्ही व्यायामासाठी पायऱ्या चढता आणि तसेच खाली उतरता. चोवीस लेण्यांपैकी तिसऱ्या लेण्यात कधी दहा मिनिटे उभे राहिला आहात का? गौतमीपुत्र सातकर्णीचे गुणवर्णन करणारा त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख तिथे आहे. तो ब्राह्मी लिपीत असल्याने वाचता येत नाही हे मान्य, पण आधी घरी त्याचा मराठी अनुवाद वाचून गेलात तर तीच भिंत वेगळी दिसते. दिवाळीनंतर थंडी पडली की भल्या पहाटे निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वरला जा. जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेले हे पाणथळ तुमच्या घरापासून तासा-दीड तासावर आहे, आणि तुम्ही पक्षी पाहायला भरतपूरला जाण्याचे बेत करता. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर आहे, अंजनेरीजवळचे नाण्यांचे संग्रहालय आहे. पावसात कुठेच जायचे नसेल, तर 1840 साली सुरू झालेले सार्वजनिक वाचनालय आपल्याच शहरात आहे, त्याचे सभासद व्हा.

यातल्या बहुतेक ठिकाणी जायला स्वतःची गाडी काढावी लागत नाही, आणि खर्च तिथेच वाचतो. एसटीत महिलांना मार्च 2023 पासून निम्मे भाडे आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. लाल गाडीने सिन्नरला जाऊन गोंदेश्वर पाहून, तिथेच भेळ खाऊन परत येणे हा चौघांच्या कुटुंबाचा पूर्ण रविवार होतो आणि दीड हजारांपैकी बरेच पैसे शिल्लक राहतात. उलट जुलैच्या रविवारी स्वतःच्या गाडीने हरिहर किल्ल्यावर जाणारे आधी पेट्रोल जाळतात, मग पायथ्याच्या गर्दीत अडकतात, आणि त्या कोरीव उभ्या पायऱ्यांवर वरच्या माणसाची टाच पाहत तासभर थांबतात. हरिहर पाहायचाच असेल, तर पाऊस ओसरल्यावर आणि आठवड्यातल्या मधल्या वारी जा. रविवारच्या त्या रांगेला मी विरंगुळा म्हणायला तयार नाही.

निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदार दादांचा प्रश्न मला फार योग्य वाटला. त्यांनी लिहिले की, ‘तुमचे सगळे हिशेब पगारदारांचे आहेत, आम्हाला दरमहा पैसे येत नाहीत.’ खरे आहे. ज्यांचे उत्पन्न हंगामी आहे त्यांनी दरमहाच्या ठेवीच्या मागे लागू नये. माल निघाल्यानंतर व्यापाऱ्याचे पैसे हातात आले, की आधी एप्रिलच्या खरड छाटणीचा आणि ऑक्टोबरच्या छाटणीचा खर्च वेगळा काढावा, आणि नंतर प्रवासाची रक्कम एकदमच मुदत ठेवीत टाकावी. विरंगुळ्याची वर्षाची रक्कमही त्याच दिवशी बारा भागांत वाटून ठेवावी. उत्पन्न हंगामी असले तरी घरातल्या मुलांचा रविवार दर आठवड्याला येतो.

भिशीबद्दल विचारणाऱ्या ताईंना एवढेच सांगते, की भिशी लावा, तिथल्या गप्पा आणि खाणे हा उत्तम विरंगुळा आहे, पण लडाखचे पैसे तिथे ठेवू नका. चिठ्ठी कोणत्या महिन्यात निघेल ते तुमच्या हातात नसते, प्रवासाची तारीख मात्र ठरलेली असते, आणि मध्येच कोणी पैसे द्यायचे थांबवले तर दाद मागायला जागा नसते.

तारखेचा विषय निघालाच आहे तर मुदतीविषयी बोलते. ठेव प्रवासाच्या महिन्यात नव्हे, तिकिटे काढायच्या महिन्यात पूर्ण झाली पाहिजे. जूनमध्ये निघायचे असेल तर सप्टेंबरमध्ये सुरू केलेली अठरा महिन्यांची ठेव मार्चमध्ये हातात येते, आणि विमानाची तिकिटे काढायला ती वेळ बरी असते. नाशिकरोडहून दिल्लीपर्यंत रेल्वेने जाणार असाल, तर आरक्षण आता फक्त साठ दिवस आधी उघडते. 1 नोव्हेंबर 2024 पूर्वी ते एकशे वीस दिवस आधी उघडत असे आणि अजूनही अनेक जण जुन्याच हिशेबाने बसतात. खर्च काढताना लेहला पोहोचल्यावरचे पहिले दोन दिवस काहीही न करता विश्रांतीचे धरा. उंचीची सवय होण्यासाठी ते आवश्यक आहेत आणि त्या दोन दिवसांचेही मुक्कामाचे व जेवणाचे पैसे लागतात. माझ्याकडे आलेल्या बहुतेक अंदाजपत्रकांत हे दोन दिवस गायब असतात.

शेवटची अडचण ठेव पूर्ण होण्याच्या दिवसाची. ती रक्कम बहुतेक वेळा जोडलेल्या बचत खात्यात जमा होते, आणि ते खाते पगाराचे असेल तर किराणा, शाळेची फी आणि विजेचे बिल तिच्यावर तुटून पडतात. म्हणून सुरुवातीलाच एक वेगळे बचत खाते उघडा, ठेव त्याला जोडा, आणि त्या खात्याला यूपीआय जोडू नका. विरंगुळ्याच्या दीड हजारांसाठी खाते वगैरे काहीही नको. ते रोख काढून स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेवा, म्हणजे किती उरले ते घरातल्या प्रत्येकाला दिसते आणि महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला ‘चला, मिसळ खायला’ असे कोणीही म्हणू शकते.

आणि एक विनंती. मागच्या व्हिडिओखाली एका उत्साही प्रेक्षकांनी आपल्या ठेवीच्या पावतीचे छायाचित्र खाते क्रमांकासकट टाकले होते, ते मी काढून टाकले आहे. तुमचे ठिकाण, महिना आणि हप्त्याची रक्कम अवश्य लिहा, मी वाचते आणि उत्तरही देते, पण पावती घरातच राहू द्या.