दारू, केळीची पानं आणि सातशे दोन अक्षरं: ह्वायसू नावाचा भिक्खू

(पडद्यावर: उजवीकडून डावीकडे हळूहळू उलगडत जाणारी कागदाची गुंडाळी)

नमस्कार मंडळी. हा जो कागद उलगडतोय तो ७५५ सेंटिमीटर लांब आहे. नऊवारी लुगड्यापेक्षा जरा आखूड, रुंदी मात्र फक्त २८.३ सेंटिमीटर, वीतभराहून थोडी जास्त. पंधरा कागद एकाला एक चिकटवून केलेली ही पट्टी. तिच्यावर १२६ उभ्या ओळी आहेत आणि ७०२ अक्षरं. तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात ती ठेवलेली आहे. तिला 'आत्मकथन' म्हणतात, तिच्यावर तारीख आहे इसवी सन ७७७ च्या हिवाळ्याची, आणि लिहिणाऱ्याचं नाव ह्वायसू. हा बौद्ध भिक्खू होता. दारू प्यायचा, मासे-मटण खायचा, आणि रंगात आला की समोर जे दिसेल त्यावर लिहीत सुटायचा, मग ती भिंत असो, कपडा असो की भांडं.

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी दोऱ्याचं रीळ सोडून दिलंय. आज आपण हा दोरा धरून चालणार आहोत, कारण यातलं प्रत्येक अक्षर वाचता येतं. हे पक्कं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आधी माणूस. ह्वायसूचं मूळ आडनाव छ्येन. हूनान प्रांतातल्या लिंगलिंगशी, म्हणजे आजच्या योंगचौशी, त्याचं नाव जोडलेलं आहे. आत्मकथनाची सुरुवातच अशी आहे की माझं घर छांगशाचं (हेही हूनानमधलंच), लहानपणीच बुद्धाच्या सेवेला लागलो, सूत्रं आणि ध्यान यांतून सवड मिळाली की लिहिण्याची फार आवड. जन्मसालावर वाद आहे, पण ७९९ साली लिहिलेल्या एका कामाच्या शेवटी वय त्रेसष्ट असं नोंदलंय. चिनी पद्धतीनं, म्हणजे जन्मताच एक वर्ष धरून मोजलं तर जन्म ७३७ चा येतो. मी तेच धरून चालतोय. एक घोटाळा टाळा: थांग राजवंशाच्या काळात, म्हणजे आपल्या नायकाच्याच राजवटीत, ह्वायसू नावाचा आणखी एक भिक्खू होऊन गेला, ह्वेनत्संगाचा शिष्य, विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या नियमांचा, पंडित. तो वेगळा, आणि आपला नायक जन्मायच्या आधीच वारलेला. इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी दोघांची सरमिसळ झालेली आहे.

ह्वायसूचं चरित्र त्याच्याच काळात लिहिलं गेलं, आणि तेही लू यूनं. चहावरचा जगातला पहिला ग्रंथ लिहिणारा तोच लू यू. तो सांगतो की ह्वायसू गरीब होता, कागद परवडत नव्हता. म्हणून त्यानं गावाकडे दहा हजारांवर केळी लावल्या आणि पानांवर सराव केला. पानं पुरेनात, तेव्हा एका ताटाला आणि एका चौकोनी फळीला लाखेसारखा चकचकीत लेप दिला. लिहायचं, पुसायचं, परत लिहायचं. ताट आणि फळी दोन्ही झिजून आरपार गेली म्हणतात. दहा हजार हा आकडा चिनीत 'पुष्कळ' या अर्थानंही येतो, तेव्हा रोपं मोजत बसू नका.

पण केळीच्या पानाची गोष्ट नुसती गरिबीची म्हणून सोडू नका. केळीच्या पानावर जेवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, वरण पानावर पसरत नाही, पळतं. पानाला मेणाचा थर असतो. पाण्यातली शाई त्यावर थेंब होऊन गोळा होते. कुंचला जरा तिरका पडला किंवा दाब सुटला की रेघ तुटलीच. लेप दिलेली फळीही तशीच, पाणी न पिणारी. अशा पृष्ठभागावर वर्षानुवर्षं लिहिलं की टोक सरळ ठेवायची आणि दाब एकसारखा ठेवायची सवय हाडात मुरते. आता आत्मकथनातली रेघ पुन्हा बघा. बारीक, गोल, तारेसारखी, कडा दोन्ही बाजूंनी साफ. या रेघेचा पानाशी संबंध आहे असं माझं मत आहे. सिद्ध करता येणार नाही, पण हातात कुंचला धरणाऱ्याला ते पटेल.

(पडद्यावर: एकच अक्षर तीन लिप्यांमध्ये)

आता लिपीकडे येऊ. चिनी लेखनात एकच अक्षर अनेक वळणांनी लिहितात. 'खायशू' म्हणजे सुटी, ठसठशीत, छापील वळणाची लिपी. 'शिंगशू' म्हणजे थोडी धावती. 'त्साओशू' म्हणजे पूर्ण घसीट. त्याच्याही पुढे ओळच्या ओळ एका दमात जोडत नेणारी ती 'ख्वांगत्साओ', वेडी घसीट. आपल्याकडे मोडी शिकलेल्यांना हे चटकन कळेल. हात न उचलता लिहायचं म्हणून अक्षराचं रूप बदलतं, पण ते कसं बदलायचं हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर नसतं. ठरलेलं असतं.

'लिहिणे' किंवा 'पुस्तक' या अर्थाचं 'शू' हे अक्षर घ्या. जुन्या छापील रूपात दहा फटकारे, घसीट रूपात ते चारांवर येतं. 'घोडा' दहावरून तीनवर. विसाव्या शतकात चीन सरकारनं अक्षरं सोपी केली तेव्हा अशी कितीतरी घसीट रूपं सरळ उचलून छापील करून टाकली. म्हणजे आज चीनमधली शाळकरी पोरं ही रूपं रोज लिहितात.

इथेच नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक होते. त्याला वाटतं, घसीट म्हणजे मोकळीक. खरं उलटं आहे. ६८७ साली सुन क्वोथिंगनं लेखनकलेवरच्या प्रबंधात लिहून ठेवलंय की छापील वळणात एखादा ठिपका चुकला तरी मजकूर लागतो, पण घसीट लिपीत वळण चुकलं की अक्षरच होत नाही. दोन अक्षरांमधला फरक कधीकधी एका वेढ्याचा किंवा एका ठिपक्याचा असतो. चिनीत म्हणच आहे, घसीट अक्षर चौकटीबाहेर गेलं तर देवालाही ओळखू येत नाही.

ह्वायसूच्या आधीच्या पिढीत जांग श्यू होऊन गेला. तोही दारूडा, केस शाईत बुडवून लिहायचा अशी त्याची ख्याती. दोघांची जोडी लोकांनी 'वेडा जांग, झिंगलेला सू' अशी लावली. जांग श्यूचा शिष्य वू थोंग, आणि वू थोंगकडून ह्वायसू शिकला. जांग श्यूचा दुसरा शिष्य येन चनछिंग, भारदस्त छापील वळणाचा थोर लेखक आणि दरबारातला ज्येष्ठ अधिकारी. या येन चनछिंगची आणि ह्वायसूची गाठ पडली, तेव्हाचा संवाद लू यूनं नोंदवलाय.

येन विचारतो, गुरूनं दिलं ते सोडून तुझं स्वतःचं काही आहे का? ह्वायसू म्हणतो, उन्हाळ्यातल्या ढगांचे चित्रविचित्र डोंगर बघतो, त्यांनाच गुरू केलंय. रानातून पाखरू उडावं, दचकलेला साप गवतात शिरावा, असा त्यांचा झोक असतो. आणि भिंतीला गेलेल्या भेगा, त्या कशा आपोआप जातात. येन म्हणतो, मग गळक्या छपराच्या ओघळाचं काय? ह्वायसू ताडकन उठतो, त्याचा हात धरतो आणि म्हणतो, सापडलं!

हा ओघळ नीट समजून घ्या. पावसाळ्यात मातीच्या भिंतीवर पाणी उतरताना पाहिलंय? थेंब सरळ घसरत नाही. तो थबकतो, मातीशी झगडतो, मागून पाणी आलं की जड होतो, मग वीतभर सरकतो, परत अडतो. खाली पोचेपर्यंत रेघ तयार होते, पण तिच्यात प्रत्येक थांबा दिसतो. कुंचल्याची रेघ अशी हवी. जोरात ओढलेली रेघ पोकळ दिसते, कारण केस कागदावरून नुसते घसरलेले असतात. वेड्या घसीट लिपीचं मर्म वेगात आहे असं सगळे सांगतात. पण आत्मकथनात वळणांवर बघा, प्रत्येक वळणापाशी हात सावकाश झालाय, टोक पुन्हा उभं केलंय, मग पुढे सुटलाय.

(पडद्यावर: ओळींचा जवळून घेतलेला फोटो)

मजकुरात आहे काय? थोडं स्वतःबद्दल, आणि मग बहुतेक सगळं इतरांनी त्याच्याबद्दल काय म्हटलं ते. ह्वायसूवरच्या कवितांना येन चनछिंगनं लिहिलेल्या प्रस्तावनेतला भाग, आणि कवींच्या ओळी. त्या ओळीही वाटेल तशा भरलेल्या नाहीत. त्यानं गट पाडलेत: अक्षरांच्या रूपावर कोण काय म्हणालं, घडणीवर कोण, वेगावर कोण. शेवटी त्याचा चुलता, कवी छ्येन छी, याच्या ओळी येतात. त्यातली एक अशी: वेड आलं की जग हलकं होतं, नशेत तथता गवसते. तथता, बरं का, म्हणजे जे जसं आहे तसं असणं. आपल्याकडून संस्कृतातून गेलेला बौद्ध शब्द, थांग काळातल्या दारूच्या कवितेत बसलेला.

श्यू याओ नावाचा कवी म्हणतो की हा झिंगला की सहज दोनतीन ओळी लिहून जातो, शुद्धीवर आला की तशा लिहिता येत नाहीत. ही ओळ फार लाडकी आहे, प्रत्येक लेखात येते. पण ती ज्या कागदावर आहे तो कागद बघा. निवडलेली अवतरणं, लावलेले गट, शेवटी तारीख. दारूच्या अंमलाखाली कुणी अशी मांडणी करत नाही. दारूनं त्याची भीड घालवली असेल. हात मात्र ताट-फळी झिजवून आलेला आहे.

मांडणीचा कळस वेगाच्या गटात आहे. तौ ची नावाच्या अधिकाऱ्याची ओळ येते: पांढऱ्या भिंतींचे लांबच लांब ओवरे, अचानक तीनपाच आरोळ्या, आणि भिंतभर हजारो अक्षरं. इथवर ओळींचा वेग चढत आलेला असतो. आणि लगेच पुढची दोन अक्षरं, 'दाय महाशय', एवढी प्रचंड येतात की शेजारच्या ओळींना मागं सरावं लागतं. पुढच्या कवीचं, दाय शूलुनचं, ते नुसतं नाव आहे. अर्थाच्या दृष्टीनं तिथं मोठं होण्यासारखं काही नाही. पण आरोळी कानावर पडल्यावर हात उसळतो, ते कागदावर उमटलंय. गुंडाळीतली एकच जागा बघायला वेळ असेल तर ही बघा.

एक सावधगिरी. सुरुवातीच्या सहा ओळी ह्वायसूच्या नाहीत. त्या खराब झाल्या होत्या, अकराव्या शतकात सू श्वुनछिननं पुन्हा लिहून जोडल्या. आणि ही संपूर्ण प्रत मूळची की नंतरची, यावरही अभ्यासकांत वाद आहे. म्हणून शिकण्यासाठी सातव्या ओळीपासून पुढे जा.

आता करून बघणाऱ्यांसाठी. कुंचला ताठ केसांचा घ्या. बकरीच्या केसांचा मऊ कुंचला या रेघेला चालत नाही, वळणावर तो आडवा पडतो तो उठतच नाही. थांग काळात सशाच्या केसांचे कुंचले नावाजलेले होते, आज विझल या मुंगसासारख्या लहान प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे मिळतात. शाई म्हणजे काजळी आणि सरस यांची वडी. सहाणेवर चंदन उगाळतो तशी, चमचाभर पाणी घेऊन, जोर न लावता दहापंधरा मिनिटं उगाळा. फार दाट झाली तर कुंचला ओढला जातो आणि वेढे चिकटतात, पातळ झाली तर रेघ फुलते. कागद तुरटी-सरस लावलेला, कमी शोषणारा घ्या. 'श्वान' नावाचा कच्चा चिनी कागद शाई लगेच पितो आणि सावकाश वळणावर डाग पडतो.

उभं राहून लिहा. मनगट टेकवायचं नाही, कोपरही नाही. रेघ खांद्यातून यायला हवी, नाहीतर मोठा वेढा मधेच मोडतो आणि तिथं कोन दिसतो. रेघेची एक कड साफ आणि दुसरी दातेरी दिसली तर टोक तिरकं पडलंय, थांबा आणि कुंचला उभा करा. दर अक्षराला शाई घेऊ नका. एका बुडीत जितकी अक्षरं होतील तितकी होऊ द्या. ओली काळी सुरुवात, मग सुकत जाणारी, कागद दिसू देणारी रेघ, मग पुन्हा काळी, हा श्वास आहे त्या ओळीचा. आणि आधी अक्षराचं छापील रूप आणि घसीट रूप पाठ करा. निदान पन्नास अक्षरं तरी. तोवर जोडायला जाऊ नका.

टीकाही झाली. नंतरच्या सोंग राजवंशाच्या काळातला लेखनकार मी फू ('मी' हे त्याचं आडनाव), स्वतः 'वेडा मी' म्हणून ओळखला जाणारा, म्हणतो की जांग श्यूनं जुन्या रीती बिघडवून सामान्यांना दिपवलं, ह्वायसूनं त्यात थोडा साधेपणा आणला म्हणून तो नैसर्गिकाच्या जवळ गेला, तरी काळाच्या मर्यादेत अडकला. कडक आहे, पण साधेपणाचा मुद्दा त्यानं अचूक पकडलाय.

तो साधेपणा बघायचा तर शांघाय संग्रहालयातली एक चिठ्ठी बघा. रेशमाचा तुकडा, उंची २५ सेंटिमीटर, रुंदी १२. दोन ओळी, चौदा अक्षरं. मजकूर एवढाच: "कडू बांबूचे कोंब आणि चहा फारच उत्तम आहेत, सरळ निघून या. ह्वायसूचा नमस्कार." त्याच्याच नावावरच्या दुसऱ्या एका चिठ्ठीत तो लिहितो की छांगशात मासे खायचो, राजधानी छांगआनला आल्यावर मांस फार खाल्लं, लोक हसतात, त्रास होतो, आजारी आहे म्हणून फारसं लिहिता येत नाही.

आणि ७९९ सालचं ते काम, ज्यावर त्रेसष्ट वय लिहिलंय, ते आहे सहस्राक्षरी, म्हणजे हजार अक्षरांचा जुना चिनी पाठ, लहान घसीट अक्षरांत, रेशमावर. इथे वेढे नाहीत, ओळी एकमेकींत घुसत नाहीत, बहुतेक अक्षरं सुटी आहेत. प्रत्येक अक्षर आपापल्या जागी बसलेलं, मधे भरपूर मोकळी जागा. आत्मकथन आणि हे, दोन्हींतलं एकच अक्षर शेजारी ठेवा आणि वळणापाशी थांबा. बावीस वर्षांनीही हात त्याच जागी सावकाश झालाय.

(पडद्यावर: दोन्ही अक्षरं शेजारी शेजारी, आवाज बंद, दहा सेकंद)