इंजिन पुढे, ड्रायव्हर मागे

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या जुन्या ड्रॅग रेसिंगचा, म्हणजे सरळ पट्टीवर उभ्या जागेवरून गाड्या पळवायच्या शर्यतीचा, कृष्णधवल फोटो बघताना पहिल्यांदा इंजिन कुठं बसवलंय ते बघा. इंजिन पुढे आणि ड्रायव्हर मागे, पार मागच्या चाकांच्याही मागे असेल, तर ती स्लिंगशॉट. टॉप फ्यूएल, म्हणजे या खेळातल्या सगळ्यात वेगवान वर्गातल्या गाडीचा असा फोटो बहुतेक वेळा १९७१ च्या आगेमागचा किंवा त्याआधीचा निघतो. ड्रायव्हर पुढे आणि इंजिन त्याच्या पाठीशी असेल, तर त्यानंतरचा. सगळी मेख इथंच आहे: इंजिन पुढे की मागे.

हे उलटंपालटं झालं त्यामागे एक अपघात आहे. तारीख ८ मार्च १९७०. ठिकाण कॅलिफोर्नियात लाँग बीचजवळची लायन्स ड्रॅग स्ट्रिप. फ्लोरिडाचा डॉन गार्लिट्स आपल्या स्वॅम्प रॅट मालिकेतली तेरावी गाडी घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभा होता. क्रायस्लरचं हेमी इंजिन, त्यावर जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर, टाकीत नायट्रोमिथेन हे जहाल इंधन. स्लिंगशॉटमध्ये ड्रायव्हरच्या दोन पायांमधून डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणारा गिअरचा डबा, जातं, आणि पावलं येतात ती थेट क्लच आणि गिअरबॉक्सच्या शेजारी. म्हणजे गाडीत फुटण्यासारखं जे जे आहे, ते सगळं एक तर माणसाच्या समोर, नाही तर पायाशी.

गाडी सुटली आणि त्याच क्षणी दोन गिअरचा तो गिअरबॉक्स फुटला. तुकडे गोळ्यांसारखे सुटले. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, कॉकपिटच्या पुढेच तुटून गाडीचे सरळ दोन भाग झाले. त्या क्षणाचे फोटो आहेत. पुढचा भाग इंजिनासकट एकीकडे, आणि मागचा भाग, ज्यात पिंजऱ्यात बांधलेला गार्लिट्स, तो दुसरीकडे कोलांट्या खातोय. त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. स्टँडमधला एक प्रेक्षकही जबर जखमी झाला.

दवाखान्यात पडल्यापडल्या गार्लिट्सने ठरवलं, इंजिन मागे न्यायचं. कल्पना नवी नव्हती. आधी काहींनी अशा गाड्या बांधल्या होत्या, पण त्या सरळ धावायच्या नाहीत. कारण नीट ऐका. स्लिंगशॉटमध्ये माणूस मागच्या चाकांच्या मागे बसतो, त्यामुळे शेपूट जरा जरी सरकली तरी ती त्याला लगेच कळते. पुढे बसलेल्या माणसाला तेच उशिरा कळतं. मग तो घाईनं स्टिअरिंग फिरवतो, गरजेपेक्षा जास्त फिरवतो, आणि गाडी दुसऱ्या बाजूला झेपावते. गार्लिट्सच्या नव्या गाडीनंही चाचण्यांत हेच केलं. चासीत बदल करून पाहिले, उपयोग झाला नाही. शेवटी इलाज सापडला तो स्टिअरिंगच्या रेशोत. स्टिअरिंग मुद्दाम संथ केलं, म्हणजे हातातलं चाक बरंच फिरवलं तरी पुढची चाकं थोडीच वळतील. एवढ्यानं गाडी सरळ पळायला लागली. फेब्रुवारी १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोनाची विंटरनॅशनल्स ही मोठी स्पर्धा त्यानं याच गाडीनं, स्वॅम्प रॅट चौदानं, जिंकली. पुढच्या दोन-तीन वर्षांत टॉप फ्यूएलमधून स्लिंगशॉट जवळपास संपली. इंजिन मागे गेलं ते तिथंच राहिलं.

लायन्सची पट्टी १९७२ च्या डिसेंबरात बंद झाली. म्हणून तिथले फोटो मोलाचे. जाता जाता एक बोलतो: २००८ पासून अमेरिकेत टॉप फ्यूएल गाड्या १००० फूटच धावतात. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण १३२० फुटांचा पाव मैल हीच या खेळाची खरी लांबी, असं माझं ठाम मत आहे.

फोटोचा काळ ओळखायच्या आणखी खुणा सांगतो. मध्ये गाड्या सोडायला झेंडा घेऊन उडी मारणारा माणूस दिसला, तर फोटो बहुधा साठच्या दशकाच्या मध्याआधीचा. त्याच्या जागी गाड्या सोडणारा दिव्यांचा खांब, ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात, तो १९६३ मध्ये आला. एक्झॉस्टचे पाइप वर, मागे वळलेले असतील, तर साधारण १९६४ नंतरचा. पट्टीच्या शेवटापर्यंत टायरचा धूर असेल, तर क्लच घसरवत, म्हणजे चाकांना ताकद हळूहळू देत, गाडी सोडायची पद्धत रुळण्याआधीचा.

असे फोटो, निगेटिव्ह तुमच्याकडे असतील तर पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नका. त्यातून निघणारी वाफ फोटो खराब करते. पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. जुन्या निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरचा वास आला, तर ॲसिटेट फिल्म कुजायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी करा आणि आधी तीच स्कॅन करा. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. मागे नाव, गाव, साल लिहायचं ते मऊ पेन्सिलीनं, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. आणि लॅमिनेशन अजिबात नको. कोडाक्रोम या जुन्या रंगीत फिल्मच्या स्लाइड अंधारात फार वर्षं टिकतात, पण प्रोजेक्टरच्या प्रकाशात त्यांचे रंग लवकर उडतात. तेव्हा वारंवार पडद्यावर लावू नका.

कृष्णधवल फोटो संगणकावर रंगवण्याचं सध्या पेव फुटलंय. माझा त्याला विरोध आहे. गाडीचा रंग कुणी अंदाजानं भरला, की पुढच्या माणसाला तोच खरा वाटतो. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह ४००० डीपीआयला, म्हणजे इंचाला ४००० ठिपके या बारकाईनं, स्कॅन करा, तपशील न गमावणारी टिफ फाइल ठेवा, आणि मूळ फाइलला हात लावू नका. जे काही करायचं ते तिच्या प्रतीवर.

नमस्कार.