शिरोलीच्या वाळूत एक सेमिस्टर

[दृश्य : शिरोली एमआयडीसी, सकाळची पाळी. सायकली, दुचाकी, डबे. फौंड्रीचं उघडं दार.]

शिरोलीत पहिली पाळी सुरू झाली की फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याच्या, दारातनं आधी वास येतो. जळक्या वाळूचा, कोळशाच्या भुकटीचा, तापलेल्या लोखंडाचा. कोल्हापूरकराला हा वास घरचाच. ट्रॅक्टर, ट्रक, मोटारी, पंप यांना लागणारं ओतीव काम इथं पिढ्यान्‌पिढ्या होतंय. उद्यमनगरातल्या छोट्या शेडमधनं धंदा वाढला, शिरोली आणि गोकुळ शिरगावात पसरला, पुढं कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीपर्यंत गेला. ज्यांनी तो उभा केला त्यातल्या कितीतरी मिस्त्र्यांनी कॉलेजची पायरी चढली नव्हती. ऑइल इंजिन खोलायचं, सुटा भाग हातात घेऊन निरखायचा आणि तसाच घडवायचा, हीच त्यांची शाळा.

[दृश्य : शिवाजी विद्यापीठ, मुख्य इमारत. विद्यार्थ्यांची ये-जा.]

इथनं काही किलोमीटरवर, विद्यानगरात, १८ नोव्हेंबर १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतली कॉलेजं त्याला जोडलेली. तिथं रसायनशास्त्र आहे, संख्याशास्त्र आहे, अन्नविज्ञान आहे, वाणिज्य आहे. आणि इकडं कारखान्यात याच विषयांचे प्रश्न रोज सकाळी नव्यानं उभे राहतात. ही दोन्ही ठिकाणं एकमेकांना नावानं ओळखतात, कामानं फारशी ओळखत नाहीत. ती ओळख कशी होते, हे बघायला आपण एका फौंड्रीच्या सँड लॅबमध्ये, म्हणजे साच्याची वाळू तपासायच्या खोलीत, जाऊ.

[दृश्य : फौंड्रीची सँड लॅब. छोटी खोली, तराजू, नोंदवही. एक विद्यार्थिनी, पायात सेफ्टी शूज.]

ही मुलगी गारगोटीकडची. एमएस्सी रसायनशास्त्र, दुसरं सेमिस्टर. तिच्या वेळापत्रकात यंदा ओजेटी आहे, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण. पहिल्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी तिला लॅबमध्ये न बसवता थेट मोल्डिंगच्या लाइनवर, जिथं वाळूचे साचे बनतात तिथं, नेलं आणि मिस्त्रींच्या हवाली केलं. मिस्त्रींनी पट्ट्यावरची मूठभर वाळू उचलली, आवळली, मूठ उघडली. तळहातावर वाळूचा गोळा, त्यावर बोटांचे ठसे. गोळा मधोमध मोडला. कडा जरा भुरभुरल्या.

“पाणी कमी हाय ह्यात,” मिस्त्री म्हणाले. “घे पोरी, तू बघ तुझ्या मशिनवर.”

[दृश्य : जवळून – वाळूचा नमुना तराजूवर, दिव्याखाली वाळवणं, पुन्हा वजन.]

साच्याच्या या वाळूत चार गोष्टी असतात : सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी. पाणी साधारण ३ ते ४ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळी गंमत तिथंच आहे. पाणी जास्त झालं तर वितळलेलं लोखंड साच्यात पडताक्षणी वाफ होते आणि कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या भागाच्या, पोटात पोकळ्या राहतात. त्याला ब्लो होल म्हणतात. पाणी कमी पडलं तर साच्याची कड ढासळते आणि वाळूचे कण धातूत अडकतात. ओतताना लोखंड असतं १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास, त्या घडीला चुकीला माफी नाही. वरून चकचकीत दिसणारं कास्टिंग मशिनिंगला गेल्यावर आतनं भोकाळ निघालं की भट्टीची वीज, माणसांची मजुरी, सगळं भंगारात.

तिनं नमुना तोलला, वाळवला, पुन्हा तोलला. आकडा आला ३ च्या खाली. मिस्त्रींची मूठ बरोबर होती.

हाच प्रयोग तिनं बीएस्सीला केला होता. तेव्हा उत्तर जर्नलमध्ये आधीच लिहिलेलं होतं, आपला आकडा त्याच्या जवळ आणायचा एवढंच काम. इथं तिला जो प्रश्न दिला गेला त्याचं उत्तर मॅनेजरसाहेबांकडं नव्हतं, तिच्या मॅडमकडंही नव्हतं. जेवणाच्या सुट्टीनंतर ओतलेल्या मालात रिजेक्शन, म्हणजे नापास माल, जास्त का येतं?

[दृश्य : दोन नोंदवह्या. एक लॅबमधली, एक इन्स्पेक्शनच्या टेबलावरची.]

लॅबमध्ये वाळूच्या ओलाव्याची वही होती. इन्स्पेक्शनला रिजेक्शनची वही होती. दोन्ही वर्षानुवर्षं नीट भरल्या जात होत्या, दोन वेगळ्या खोल्यांत. तिनं त्या एका टेबलावर आणल्या आणि तासातासाच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. संख्याशास्त्र विभागातल्या मैत्रिणीला हाक मारून आलेख कसा काढायचा तेही विचारून घेतलं. ओतकामातनं परत आलेली वाळू गरम असते. लाइन सुट्टीत थांबली की तिच्यातलं पाणी उडतं, आणि पाळी पुन्हा सुरू होताना तीच वाळू आधी साच्यात जाते. आलेख टेबलावर ठेवला तेव्हा मिस्त्री स्टूल ओढून बसले.

“हे मला म्हाईत हुतं,” ते म्हणाले, “पर कागदावर कदी आलं नव्हतं.”

मला या सगळ्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते मिस्त्रींचं हे स्टूल ओढणं. मुठीतलं शहाणपण आणि प्रयोगशाळेतला आकडा एका टेबलावर बसले. विद्यापीठाला आणि कारखान्याला एकमेकांकडनं हवं ते हेच.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. शाहू मिलची चिमणी.]

काम करता करता शिकायची ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकांनी १९०६ साली २७ विद्यार्थ्यांना घेऊन एक पद्धत सुरू केली. अभियांत्रिकीची मुलं आलटून-पालटून, कधी वर्गात, कधी कारखान्यात. त्याच १९०६ साली इकडं कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी शाहू मिलचा पाया घातला. महाराजांनी बोर्डिंगं काढली, शाहूपुरीची पेठ वसवली, राधानगरीचं धरण हाती घेतलं. शिक्षण आणि उद्योग या त्यांच्या लेखी वेगळ्या चुली नव्हत्या. याच कोल्हापुरात शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि श्रम करून शिकण्याला प्रतिष्ठा दिली. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आपल्या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

[दृश्य : कॉलेजचं ऑफिस. ओजेटीचे अर्ज, शिक्के.]

आता नवीन शैक्षणिक धोरणानं ते अभ्यासक्रमात आणलं आहे. ओजेटीला ४ श्रेयांक. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. आठ तासांचा दिवस धरला तर पंधरा दिवस. आणि इथंच खरी अडचण सुरू होते. हजारो मुलं एकाच वेळी कंपनी शोधत फिरतात. ओळखीचा मामा, काकांचा मित्र, कुणाचं तरी ऑफिस. दोन दिवस फायली लावायच्या, झेरॉक्स काढायच्या, बाकी दिवस घरी, शेवटी लेटरहेडवर सही-शिक्का. गुण मिळतात. मुलाच्या आयुष्यातले १२० तास मात्र जातात, आणि ते परत मिळत नाहीत. हे थांबायला हवं.

कारखानदार विचारतात, पंधरा दिवसांत पोरगं काय शिकणार? रास्त प्रश्न आहे. पंधरा दिवसांत कुणी मोल्डर होत नाही. पण तेच १२० तास सलग न घेता आठवड्यातले दोन दिवस घेतले तर जवळजवळ दोन महिने होतात. दोन महिन्यांत एक प्रश्न पार शेवटापर्यंत नेता येतो. मधले दिवस कॉलेजात जातात, तिथं सरांना विचारता येतं, ग्रंथालयात बघता येतं. त्या मुलीचं जमलं ते यामुळं, आणि तिला दिलेला प्रश्न खरा होता यामुळं.

[दृश्य : गुऱ्हाळ. चुलवणाची आग, काहील, उकळता रस.]

करवीर तालुक्यातलं हे गुऱ्हाळ. कोल्हापुरी गुळाला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. रसात चुना पडतो, भेंडीच्या रोपांचं चिकट पाणी पडतं, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. गुळव्या काहिलीकडं बघून सांगतो, अजून थांबा. पाक पाण्यात सोडून बोटानं गोळी करून बघतो. अन्नविज्ञानाच्या मुलांनी शेजारी थर्मामीटर धरला की कळतं, गुळव्याचं “आता उतरा” ११८ अंशांच्या आसपास येतं.

पण इथला मोठा प्रश्न तापमानाचा नाहीच, रंगाचा आहे. गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा असतो, म्हणून काही ठिकाणी रसायनाची पावडर पडते. बिनरसायनाचा गूळ तांबूस, काळपट दिसतो आणि सौद्यात मागं राहतो. हा प्रश्न रसायनशास्त्राच्या मुलाचा आहे, तितकाच वाणिज्यच्या मुलीचाही. तांबूस गूळ चांगला आहे हे पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला पटवायचं कसं, पॅकिंग किती किलोचं, लेबलवर काय लिहायचं? यातल्या एकेका प्रश्नावर एक सेमिस्टर निघेल.

हुपरीची चांदी, इचलकरंजीचे माग, २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल... प्रत्येक ठिकाणी असं काही ना काही अडलेलं आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांनाही काम आहे. फौंड्रीत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे कामगार आहेत आणि भट्टीजवळच्या सुरक्षेच्या पाट्या कित्येकदा फक्त इंग्रजीत असतात. त्या सोप्या मराठीत आणि हिंदीत लिहिणं हे भाषेचं काम आहे, आणि त्यानं कुणाचा तरी पाय भाजायचा वाचतो.

[दृश्य : बसस्टॉप, संध्याकाळ. मुली केएमटीची वाट बघताहेत.]

पैशांचं बोलायला हवं. चंदगड, आजऱ्याहून आलेल्या मुलाला खोलीभाडं, मेस आणि रोजचं बसभाडं काढताना नाकी नऊ येतात. ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजने’त पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं गेलं, पण शिक्षण चालू असणाऱ्यांसाठी ती योजना नाही. ओजेटीवरच्या मुलाचा बसपास आणि दुपारचं जेवण एवढं जरी कारखान्यानं उचललं, तरी कितीतरी मुलं चांगली जागा सोडून घराजवळच्या शिक्क्याकडं वळणार नाहीत. मुलींच्या घरचे पहिल्यांदा विचारतात ते पाळी कधी सुटते आणि बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का. छोट्या शेडमध्ये बरेचदा ते नसतं. मालकांनी हे मनावर घेतलं पाहिजे.

[दृश्य : विभागाचं कार्यालय. प्राध्यापक आणि एक छोटा कारखानदार समोरासमोर, मध्ये कोरा कागद.]

ओजेटी असते ती पदव्युत्तरचं दुसरं आणि पदवीचं सहावं सेमिस्टर साधारण डिसेंबर-जानेवारीत सुरू होतं. गुऱ्हाळं दसरा-दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि उन्हाळ्यापर्यंत चालतात, म्हणजे हंगाम आणि सेमिस्टर एकत्रच येतात. मार्च अखेरीला फौंड्रीत डिस्पॅचची घाई असते, तेव्हा मुलांकडं बघायला कुणाला फुरसत नसते. म्हणून बोलणी आधी व्हायला हवीत. मालकानं कंपनीचं माहितीपत्रक न आणता आपला अडलेला एक प्रश्न मराठीत चार ओळींत लिहून आणावा. विभागानं त्याला साजेसं मूल शोधावं, एक शिक्षक आणि कारखान्यातला एक मिस्त्री नावानिशी नेमावा. ही बैठक दिवाळीच्या सुट्टीआधी झाली, तर जानेवारीत मूल थेट कामाला लागतं.