विंगेतली माणसं

नमस्कार, श्रोतेहो.

जपानी सिनेमाचा विषय निघाला की घरातली पोरं ॲनिमेबद्दल, म्हणजे तिकडच्या ॲनिमेशनबद्दल, बोलायला लागतात आणि थोरली माणसं जुन्या काळच्या दिग्दर्शक कुरोसावांपाशी जाऊन थांबतात. आज मला या दोन्हींबद्दल बोलायचं नाही. अलीकडे हाडामांसाच्या नटांना घेऊन तिकडे जे चित्रपट निघाले, त्यांतले काही मला फार आवडले. का आवडले, तर त्यांना राबणाऱ्या माणसाचं अप्रूप आहे. नायकाचं नव्हे, राबणाऱ्या माणसाचं.

मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथांवरून बेतलेले, जांभळे विग घालून तलवारी परजणारे चित्रपट मी यात धरत नाही. कागदावर शोभणारे केस माणसाच्या डोक्यावर शोभतातच असं नाही. असो.

तर 'वन कट ऑफ द डेड'. 2017 सालचा, दिग्दर्शक शिनइचिरो उएदा. अभिनय शिकवणाऱ्या एका संस्थेच्या कार्यशाळेतून निघालेला. नावाजलेला नट एकही नाही. खर्च सुमारे 30 लाख येन. 2018 च्या जूनमध्ये तोक्योतल्या दोन चित्रपटगृहांत लागला आणि एकाने दुसऱ्याला सांगत सांगत 300 कोटी येनच्या पुढे गेला. नीट ऐका: घातले 30 लाख, आले 300 कोटी. नंतर फ्रेंचांनी त्याची स्वतःची आवृत्ती काढली आणि 2022 चा कान चित्रपट महोत्सव तिनेच उघडला.

गोष्ट अशी की एका ओसाड जुन्या प्रकल्पात झोंबींच्या, म्हणजे उठून चालणाऱ्या मुडद्यांच्या, चित्रपटाचं चित्रीकरण चाललंय आणि तिथे खरेच झोंबी येतात. पहिली 37 मिनिटं सलग. एकही कट नाही. आणि ती 37 मिनिटं तुम्हाला सुमार वाटणार, हे मी आधीच सांगून ठेवते. नट मधेच गप्प होतात. जीव वाचवून पळणारी माणसं अचानक एकमेकांना छंद विचारतात. कॅमेरा जमिनीवर आडवा पडून राहतो.

मी हा चित्रपट घरी सगळ्यांना बसवून दाखवला. माझे मामाही होते. मामा म्हणजे राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षं प्रकाशयोजना सांभाळलेला माणूस. दिव्यांचा उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरवर हात, डोळे विंगेत. आमच्या घरात इतरांची कुजबुज सुरू झाली, भाचा मोबाइल काढून बसला, मावशी भाजी निवडायला उठली. मामा मात्र खुर्चीत पुढे सरकले.

त्या छंदांच्या गप्पा सुरू झाल्या तशी मामा म्हणाले, "ही पदरची वाक्यं आहेत. आत काहीतरी घोटाळा झालाय. ही बाई वेळ काढतेय."

मी म्हटलं, "मामा, तो सिनेमा आहे. लिहिलेलंच बोलतात."

"लिहिलेलं असं बोलत नाहीत. बघ, ती कुठे बघतेय. विंगेतून कुणीतरी खूण केलीय तिला." थोड्या वेळाने एक नट उगाचच बाहेर निघून गेला, तर म्हणाले, "याचं पोट बिघडलंय." आणि मग, "एक जण नक्की पिऊन आलाय."

आता मामांचं किती खरं निघालं ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तुमची मजा जाईल. फक्त एवढंच की चित्रपटाच्या उत्तरार्धात मावशी निवडायची भाजी हातात तशीच धरून दारात उभी होती, आणि भाच्याने मोबाइल पालथा ठेवला होता. अर्ध्यावर उठू नका, श्रोतेहो. पहिला अर्धा तास कसाही वाटो, अर्ध्यावर उठू नका.

मग मामांनी त्यांची गोष्ट काढली. स्पर्धेचा प्रयोग, दुसरा अंक. इन्स्पेक्टरची एन्ट्री, आणि इन्स्पेक्टर नाही. त्याची मिशी सुटली होती आणि गोंद सापडत नव्हता. रंगमंचावर आईचं काम करणारी बाई एकटी. तिने काय केलं? कोपऱ्यातलं सूप ओढलं आणि तांदूळ निवडायला बसली. नेपथ्य म्हणून ठेवलेलं सूप! खडा काढते, बाजूला टाकते, उसासा सोडते. मामांनी विंगेतला गोंधळ बघितला, बाकीचे दिवे हळूहळू उतरवले आणि एकच स्पॉट तिच्या हातांवर ठेवला. प्रेक्षागृह चिडीचूप. इन्स्पेक्टर आला तेव्हा मिशी थोडी वाकडीच होती म्हणे. पण परीक्षकांनी काय लिहावं? "दुसऱ्या अंकातील घरगुती वातावरणनिर्मिती विशेष उल्लेखनीय." मामा आजही ते वाक्य पाठ म्हणून दाखवतात.

उएदांचा सगळा चित्रपट म्हणजे ते तांदूळ निवडणं आहे. यापुढे मी काही समजावत बसत नाही.

बाकीचे आता भरभर घेते, वेळ थोडा आहे. 'परफेक्ट डेज', 2023. दिग्दर्शक विम वेंडर्स जर्मन, पण भाषा, नट, गाव सगळं जपानी. तोक्योतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा माणूस, कोजी याकुशो. या कामासाठी त्यांना कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. आपल्याकडे हे काम करणाऱ्याचं नाव आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असतं, हे जरा स्वतःलाच विचारा.

त्याच वर्षीचा 'गॉडझिला मायनस वन', समुद्रातून येणाऱ्या महाकाय राक्षसाचा. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी. दृश्यपरिणामांचं ऑस्कर, आणि ते काम अवघ्या 35 कलाकारांचं. पुन्हा सांगते, 35. त्यात समुद्राचं पाणी करणारा एक तरुण होता, जो घरी हौस म्हणूनही संगणकावर पाणी करत बसायचा. ते पाहून यामाझाकींनी समुद्राची दृश्यं वाढवली. एखाद्या मोठ्या स्टुडिओत त्याच्या हौसेकडे कुणी बघितलं असतं का, मला शंका आहे.

आणि 2025 चा, ली सांग-इल यांचा 'कोकुहो'. काबुकीत, म्हणजे जपानच्या पारंपरिक रंगभूमीवर, स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांची गोष्ट. या चित्रपटाने जपानी बिगर-ॲनिमेशन चित्रपटांचा 2003 पासूनचा कमाईचा विक्रम मोडला. बालगंधर्वांच्या आठवणी ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना तर हा विषय शेजारघरचाच. थोर नट अपघातात जखमी होतो आणि आपली भूमिका स्वतःच्या मुलाला न देता बाहेरून आलेल्या शिष्याला देतो. प्रयोगाआधी त्या शिष्याचे हात इतके थरथरतात की डोळे रंगवता येत नाहीत. तेव्हा कुंचला हातात घेतो तो डावलला गेलेला मुलगा. मला त्या जवळजवळ तीन तासांतलं हे दृश्य सगळ्यात आवडलं. पुढे चित्रपट जरा लांबतो, पन्नास वर्षांचा पट मांडताना बायकांच्या वाट्याला फारच थोडं येतं. ही माझी तक्रार आहे, आणि ती मी मागे घेणार नाही. नमस्कार.