पवनेच्या काठी बारा व्होल्ट

(दृश्य : पवना धरणाचा काठ, हिवाळ्यातली दुपार. पाण्यापलीकडे तुंग किल्ल्याचा सुळका. गाडीच्या डिकीतून सामान उतरतंय.)

निवेदन :

थंडी पडली की पवनेच्या काठावर शनिवारी तंबूच तंबू दिसतात. गर्दी नको असेल तर लोक आणखी आत जातात, शेतकऱ्याला विचारून त्याच्या वावरात मुक्काम टाकतात. तिथे पाणी मिळतं, चुलीला जागा मिळते. प्लग पॉइंट मात्र मिळत नाही. आणि या मंडळींनी पुण्याहून आणलंय काय, तर प्लायवुडच्या दोन फळ्या, रुळांचे तुकडे आणि सुती कापडात गुंडाळलेलं एक इंजिन.

छोट्या रेल्वेचं वेड पुण्याला नवीन नाही. कोथरूडला कर्वे रस्त्याजवळ भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोक बघतायत. तिथे काचेला नाक लावून उभी राहिलेली कितीतरी मुलं आज स्वतःच्या मुलांसाठी रूळ विकत घेतात. पण घरातली गाडी भिंतीतल्या प्लगवर चालते. ती उघड्यावर, विजेशिवाय कशी चालवायची?

बहुतेकांच्या डोक्यात आधी जनरेटर येतो, नाहीतर बॅटरीवरचा इन्व्हर्टर. आमचं मत स्पष्ट आहे : दोन्ही घरी ठेवा. जनरेटरच्या घरघरीत रुळांच्या सांध्यांवरची खटखट ऐकूच येणार नाही. इन्व्हर्टरचा हिशोब तर मुळातच तोट्याचा. तो बॅटरीचे १२ व्होल्ट घेऊन त्यांचे २३० करणार, आणि गाडीचा ट्रान्सफॉर्मर त्या २३० चे पुन्हा १२ करणार. दोन्ही वेळा वीज उष्णतेत जाते. वर इन्व्हर्टर स्वतःलाच काही वॅट खातो, आणि इंजिनाची भूक सगळी मिळून तीन वॅटच्या आसपास.

(दृश्य : हातात एचओ मापाचं इंजिन. उलटं धरलंय, चाकं आणि मोटर दिसतेय.)

हे एचओ मापाचं इंजिन. मूळ इंजिनाच्या सत्त्याऐंशीपट लहान, दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. आत डीसी मोटर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालणारी. एका रुळातून वीज येते, मोटरमधून जाते, दुसऱ्या रुळातून परत फिरते. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, वायरी उलट्या जोडल्या की गाडी मागे जाते. सपाट रुळावर चार डबे ओढताना आजकालचं बरं इंजिन पाव अँपिअरच्या आसपास घेतं. म्हणजे त्याला हवे असलेले १२ व्होल्ट बॅटरीत आयतेच आहेत.

(दृश्य : बुधवार पेठ. तपकीर गल्लीतली दुकानं, काउंटरवर बॅटऱ्या.)

कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, सात अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी तपकीर गल्लीत सहज मिळते. बारा साते चौऱ्याऐंशी, म्हणजे ८४ वॅट-अवर. पण लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून हिशोबात अर्धीच धरायची. साडेतीन अँपिअर-अवर भागिले पाव अँपिअर. गळती वजा केली तरी दहा-बारा तास गाडी पळते. रात्रभर चालवा.

घरी वायफायच्या राउटरला जोडलेला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस असेल तर तोही चालतो. त्याचा जीव लहान, पण एका संध्याकाळीपुरता पुरतो. नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलवर मात्र भिस्त ठेवू नका. तो इंजिन हलवून दाखवतो आणि बसतो.

डब्यांकडेही लक्ष द्या. जुन्या डब्यांमध्ये बारीक फिलामेंटचे दिवे असतात. असे पाच-सहा डबे जोडले की दिवेच इंजिनाइतकी वीज पितात. ते काढून एलईडी बसवले की तेवढ्याच बॅटरीत गाडी कितीतरी जास्त वेळ पळते.

(दृश्य : फळीच्या कडेला लावलेला छोटा डबा. त्यावर एक बटण, एक टॉगल स्विच, शेजारी काचेचा बल्ब.)

वेगासाठी डीसी मोटरचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर. तो वीज झटपट चालू-बंद करत मोटरला हवी तेवढीच देतो, म्हणून गाडी स्टेशनात शिरताना अगदी हळू रांगते. दिशा बदलायला सहा पायांचा टॉगल स्विच. बॅटरीच्या लाल टोकाला अगदी खेटून दोन अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज टाळू नका, आणि उडाला तर त्याच्या जागी वायरची तार मुरगळून बसवू नका. एवढीशी दिसणारी बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात इतका करंट सोडते की वायरीचं प्लॅस्टिक वितळतं. इथे तर आजूबाजूला वाळलेलं गवत आहे.

आणि हा बल्ब. कारच्या इंडिकेटरचा, १२ व्होल्ट २१ वॅटचा, फिलामेंटवाला. रुळाकडे जाणाऱ्या वायरीच्या मधेच जोडलाय. गाडी नीट चालली असेल तर फिलामेंट थंड राहतं, बल्ब विझलेला असतो आणि वीज जवळजवळ विनाअडथळा पुढे जाते. डबा घसरून त्याच्या लोखंडी चाकांनी दोन रूळ जोडले, की सगळा भार बल्बवर येतो. तो उजळतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही.

(दृश्य : बल्ब अचानक पेटतो. प्रत्यक्ष आवाज.)

नात : आजोबा, दिवा लागला!

आजोबा : डबा घसरलाय गं कुठेतरी. वळणावर बघ आधी.

नात : सापडला! शेवटचा आहे.

निवेदन :

डबा रुळावर बसला, बल्ब विझला, गाडी निघाली. फ्यूजला हातही लावावा लागला नाही.

(दृश्य : रुळांचे सांधे, अगदी जवळून.)

वर्तुळ मोठं केलं की दुसरी अडचण येते. वायरीजवळ गाडी जोरात, पलीकडच्या टोकाला सुस्त. बॅटरी शाबूत असते. वीज रुळांच्या प्रत्येक सांध्यावर थोडी थोडी अडते. खऱ्या रेल्वेलाही हा त्रास होता. मुंबई-पुणे मार्ग १९२९-३० मध्ये १५०० व्होल्ट डीसीवर आला, १ जून १९३० ला सुरू झालेली डेक्कन क्वीन विजेवरच धावली. कमी व्होल्टेजचा डीसी लांब नेला की वाटेत घटतो, म्हणून या मार्गावर थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशनं लागली. बोरघाटातल्या १:३७ च्या चढावर गाडी ओढायची म्हणजे करंटही तसाच लागणार. पुढे हा मार्ग २५,००० व्होल्ट एसीवर गेला. आपल्याला एवढं करायचं नाही. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर फळीखालून फिरवायची आणि दर दोन-तीन तुकड्यांमागे रुळाला जोडायची.

(दृश्य : रात्र. रुळांवर दवाचे थेंब.)

मावळातलं दव फार पडतं. रात्री नऊनंतर रूळ ओले होतात, त्यावर धूळ बसते, आणि चाकांना वीज मिळेनाशी होते. इंजिन अडखळायला लागलं की बॅटरीला दोष देण्याआधी रुळावरून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं सुती फडकं फिरवा. फळी जमिनीवर ठेवू नका, स्टुलांवर घ्या. वर ताडपत्री ताणली की बरंचसं दव अडतं.

(दृश्य : सकाळ. उन्हाकडे तोंड करून ठेवलेलं सोलर पॅनेल.)

सकाळी वीस वॅटचं पॅनेल चार्ज कंट्रोलरमार्फत, म्हणजे बॅटरी जास्त भरू न देणाऱ्या डबीतून, बॅटरीला. नऊ ते दोन चांगलं ऊन मिळालं तर रात्री वापरलेली वीज बरीचशी भरून निघते. पॅनेल थेट रुळाला जोडायचा मोह टाळा. ढग आला की गाडी थांबेल हे सोसता येईल, पण मोकळ्या पॅनेलचं व्होल्टेज विसाच्या वर चढतं आणि इंजिनातलं इलेक्ट्रॉनिक सर्किट तेवढं सहन करेलच असं नाही.

निघण्यापूर्वी बॅटरीला व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर लावा. इंजिन बंद करून, पॅनेल काढून तासभर थांबा, मग मोजा. १२.७ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. कमी भरली तर पुण्यात पोचल्याच दिवशी चार्जिंगला लावा. लेड-ॲसिड बॅटरी तशीच माळ्यावर टाकली तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो, आणि पुढच्या थंडीत ती गाडी ओढायला तयार होत नाही.