चकती गेली, चावी आली

मंडळी, सिनेमा लोकांपर्यंत पोचवायची साधनं कशी बदलली, ते सांगताना आधी चकतीचा हिशेब पाहू. व्हीसीडीवर ७४ मिनिटांचं चित्र मावायचं, फार तर ८०. अडीच तासांचा सिनेमा दोन चकत्यांत कसाबसा बसे. पावणेतीन तासांचा असला की तिसरी लागे. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. तरीही ती चालली, कारण स्वस्त होती. २००७ च्या सुमारास चकत्या बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात उतरवली, ती फूटपाथवरच्या नकली मालाशी किमतीतच टक्कर द्यायला.

डीव्हीडीत ४.७ जीबी जागा. तीन तासांचा सिनेमा त्यात कोंबायचा तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला साडेतीन मेगाबिटच वाट्याला येतात. दोन माणसं खोलीत बसून बोलतायत तोवर ठीक. गाणं सुरू झालं, मागे पन्नास नाचणारे आणि चमचमते दिवे आले, की चौकोन फुटलेच. त्यावर उपाय ८.५ जीबीच्या दोन थरांच्या चकतीचा; पण एक थर संपून दुसरा सुरू होताना बऱ्याच प्लेअरवर चित्र क्षणभर अडे.

हे आज उगाळायचं कारण असं की जुन्या मराठी सिनेमांचे हक्कदार अजूनही डीव्हीडी घेऊन येतात आणि म्हणतात, ‘ही ओटीटीवर चढवा.’ डीव्हीडी म्हणजे मास्टर, म्हणजे मूळ दर्जाची प्रत नव्हे, ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची शेवटची प्रत. तिच्यात ७२० बाय ५७६ ठिपके. १९२० बाय १०८० चं चित्र हवं तर बरोबर पाचपट ठिपके लागतात. उरलेले चार भाग संगणक अंदाजाने भरतो, आणि चेहरे मेणाचे दिसू लागतात. त्यात ते चित्र अनेकदा इंटरलेस्ड, म्हणजे एक ओळ सोडून एक ओळ असं दोन वेळांचं. नीट सुटं केलं नाही, तर हात हलला की कडेला कंगव्याचे दात दिसतात. म्हणून आधी निगेटिव्ह शोधा, ती नसेल तर प्रिंट, तीही नसेल तर बीटाकॅम, म्हणजे टीव्हीवाल्यांची व्हिडिओ टेप. चकती अगदीच शेवटी.

सबटायटलची गंमत वेगळीच. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. आपल्याकडची डीव्हीडी बहुधा पाल या टीव्ही-पद्धतीची, २५ फ्रेमची. त्यामुळे १५० मिनिटांचा सिनेमा चकतीवर १४४ मिनिटांत संपतो. चकतीवरची सबटायटलं उचलून २४ च्या नव्या मास्टरवर टाकली की पहिल्या काही सेकंदांत कुणाच्या लक्षात येत नाही, शेवटी मात्र ती सहा मिनिटं पुढे पळालेली असतात. तपासणारा सुरुवातीचे काही सेकंद पाहून ‘ओके’ म्हणतो, तिथेच घात होतो. शेवटची पाच मिनिटं आधी पाहा.

आता थिएटर. मुंबईच्या नाझ बिल्डिंगमधल्या वितरकांकडून एके काळी रिळांच्या पेट्या सुटायच्या. पुढे कमी खर्चाच्या यंत्रणेने उपग्रहावरून सिनेमा एकपडदा थिएटरपर्यंत पोचवला. मुंबईच्या यूएफओ मूव्हीजचा त्यात मोठा वाटा. दुसरा मार्ग डीसीपीचा, म्हणजे हॉलिवूडच्या स्टुडिओंनी २००५ मध्ये ठरवलेल्या नियमांच्या फाइलीचा. तिच्यात चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त २५० मेगाबिट, त्यामुळे मोठा सिनेमा २०० जीबीच्या घरात सहज जातो. १०० मेगाबिटच्या इंटरनेट लाइनवर तो उतरायला साडेचार तास, तेही लाइन पूर्ण वेगाने चालली तर. हार्ड डिस्कने पाठवायचा असेल तर ती लिनक्सच्या ईएक्सटी-२ किंवा ईएक्सटी-३ पद्धतीने फॉरमॅट करा. घरच्या संगणकाची एनटीएफएस पद्धत थिएटरचे काही सर्व्हर वाचतात, काही ढुंकूनही पाहत नाहीत. सर्व्हरवर चढवताना फाइलींचा हॅश, म्हणजे आकडी ठसा, जुळतो का, हेही पाहायला लावा. अर्धवट कॉपी झालेली फाइल तिथेच पकडली जाते.

पण फाइल पोचली म्हणजे सिनेमा पोचला असं नाही. ती कुलूपबंद असते, चावी वेगळी येते: केडीएम. प्रत्येक चावी एकाच सर्व्हरची, त्याच्या सर्टिफिकेटवर बांधलेली. थिएटरने मध्येच मीडिया ब्लॉक (सर्व्हरमधला फाइल उलगडणारा भाग) बदलला आणि कळवलं नाही, की जुनी चावी निरुपयोगी. दुसरी चूक घड्याळाची. शुक्रवारी सकाळी ९ चा खेळ आहे म्हणून कुणी चावीत ०९:०० लिहितो, पण खाना अनेकदा असतो यूटीसीचा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचा. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे चावी उघडते दुपारी २:३० ला. तिथे लिहायला हवं होतं ०३:३०. बाहेर लोक तिकिटं घेऊन उभे, आत पडदा काळा, आणि प्रोजेक्शनिस्ट बिचारा लॅबला फोन लावत बसलेला.

वेळ सुरू होण्याआधी चावी लागते की नाही, हे पडद्यावर चालवून पाहता येत नाही. म्हणून चावी गुरुवार सकाळपासूनची मागा, आणि गुरुवारी रात्री शेवटचा खेळ सुटल्यावर मध्यंतराच्या अलीकडची पाच मिनिटं आणि अगदी शेवटची पाच, आवाजासकट चालवून घ्या.