कीबोर्डचा सूर थोडा हलू द्या

रामराम मंडळी.

दिवाळीनंतर मंडया (गावोगावच्या जत्रा) सुरू झाल्या की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, रातभर नाटकं चालतात. आता बऱ्याच मंडपांत ऑर्गनच्या शेजारी कीबोर्डही असतो. ऑर्गनवर सूर धरला की तो भरलेला वाटतो. कीबोर्डवर पॅड किंवा सिंथ स्ट्रिंग्ज (लांब धरायचे भरीव आवाज) धरून ठेवले की थोड्याच वेळात कान कंटाळतो. कारण कीबोर्ड फारच सुरात असतो. क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यावर चालणाऱ्या यंत्राची सुरातली चूक एका सेंटच्याही आत राहते. सेंट म्हणजे किती? एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत, काळ्या-पांढऱ्या धरून, १०० सेंट. अख्ख्या सप्तकात १२००.

जुन्या ॲनालॉग सिंथेसायझरांचं असं नव्हतं. १९७० च्या मिनीमूग सिंथेसायझरमध्ये तीन ऑसिलेटर (सूर निर्माण करणारी सर्किटं) होते आणि १ व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जायचा. व्होल्टचा सूर करण्याचं काम ट्रान्झिस्टरकडे असतं आणि ट्रान्झिस्टर हवामानाप्रमाणे बदलतो. भरपाई केली नाही तर दर अंशाला साधारण ०.३३ टक्के फरक पडतो. मूळ सुरापासून एका सप्तकावर तो ४ सेंट, तीन सप्तकांवर १२ सेंट होतो. गारठा वाढला की सप्तकं ताणतात, उकाड्यात आखडतात. नाटकाच्या रात्री पारा १० अंश उतरला, तर एका सप्तकावर ४० सेंटचा घोळ, म्हणजे जवळपास अर्धी पट्टी! म्हणून बनवणारे तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर लावत आणि ट्रान्झिस्टरची जोडी एकाच चिपवर घेत. तरी थोडी चूक उरायचीच.

१९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरमध्ये पाच आवाज (म्हणजे एका वेळी पाच सूर), प्रत्येकाला दोन ऑसिलेटर, असे एकूण दहा. 'ट्यून' बटण दाबलं की आतला मायक्रोप्रोसेसर एकेक ऑसिलेटर मोजून दुरुस्त करायचा. पण पाच आवाजांची सर्किटं वेगळी. एकामागून एक पट्ट्या दाबल्या की प्रत्येक सूर वेगळ्या सर्किटवरून निघायचा आणि त्याची चूक केसभर वेगळी असायची. जुन्या वाद्याची खरी गंमत इथे आहे, आणि डिजिटल नक्कल फसते तीही इथेच. गंमत म्हणजे २०२० मध्ये तेच वाद्य नव्याने आलं, तेव्हा त्यात ही अस्थिरता कमी-जास्त करायला 'व्हिंटेज' नावाचा वेगळा नॉब दिला होता.

चांगली डिजिटल नक्कल तीन गोष्टी वेगवेगळ्या करते. प्रत्येक आवाजाला कायमची छोटी चूक देते, म्हणजे एक २ सेंट वर, दुसरा ३ खाली. वरच्या सप्तकांत ती चूक थोडी वाढवते. आणि या सगळ्यावर एक संथ, अनियमित सरकणं ठेवते. रोलंडच्या बऱ्याच मॉडेलांत यासाठी 'ॲनालॉग फील' असतं, इतर ठिकाणी नावं वेगळी. कोरस (त्याच सुराच्या किंचित हलत्या नकला मिसळणारा इफेक्ट) हा याला पर्याय नाही. कोरसची लाट ठराविक वेळाने परत तशीच येते आणि कान ती चटकन ओळखतो.

साध्या कीबोर्डवर काय करायचं? आधी ऑर्गन मोजा. जुन्या ऑर्गनची पांढरी सहा प्रमाण ४४० हर्ट्झला असेलच असं नाही. भाता एकसारखा ठेवून पांढरी सहा पाच-सहा सेकंद धरा, मोबाईलच्या ट्यूनरवर आकडा बघा आणि कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग तेवढं करा. हे करताना कोरस आणि रिव्हर्ब (घुमारा) बंद. मग ड्युअल किंवा लेअरमध्ये (एका पट्टीवर दोन आवाज एकत्र) तोच पॅड दोनदा घ्या, एकाचं फाइन ट्यून ४ सेंट वर, दुसऱ्याचं ४ खाली. मधला सूर ढळत नाही, आणि गाणाऱ्यासाठी तेच महत्त्वाचं.

आता गोम ऐका. दोघांत ८ सेंटचं अंतर असलं की खर्जातल्या ११० हर्ट्झच्या सुरावर दोन सेकंदांत एक लाट येते, म्हणजे आवाज एकदा चढतो-उतरतो. ८८० हर्ट्झवर सेकंदाला चार. खाली गोड, वर थरथर. म्हणून कीबोर्ड स्प्लिट करता (डावा-उजवा भाग वेगळा लावता) येत असेल तर डाव्या हाताला एकूण ८ सेंट आणि उजव्याला ३ पुरे. रँडम एलएफओ (सूर संथ, अनियमित हलवणारं सेटिंग) असेल तर तो सुराला जोडा, वेग ०.१ ते ०.३ हर्ट्झ, खोली २-३ सेंट. त्याहून जास्त दिलं की गाणारा बिचारा सा शोधत बसतो. बेसला यातलं काहीही लावू नका.

मंडपातली साउंड सिस्टिम बहुधा मोनो असते, म्हणजे डावं-उजवं एकच. हेडफोनवर डावी-उजवीकडे पसरलेले दोन लेअर तिथे एकमेकांवर चढतात. दोघांचा आवाज सारखा असेल तर लाटेच्या तळाशी मूळ सूर जवळजवळ गायब होतो, आणि ऑपरेटर मिक्सरवर फेडर वर-खाली करत बसतो. दुसऱ्या लेअरचा आवाज पहिल्याच्या निम्म्यावर आणा, लाट राहते आणि खड्डा तेवढा खोल पडत नाही.

"जनरेटरवर सूर उतरला" ही तक्रार नेहमी येते. डिजिटल कीबोर्डचा सूर व्होल्टेजने उतरत नाही. व्होल्टेज फारच पडलं तर यंत्र बंद होईल, बेसूर होणार नाही. पिच बेंडचं चाक मध्यावर परत आलंय का, ट्रान्सपोज (पट्टी वर-खाली करणारं बटण) कुणी दाबलाय का, ते आधी पाहा.

जमलेलं सेटिंग रजिस्ट्रेशनच्या बटणावर साठवा, नाहीतर लाईट गेली की सगळं पुसलं जातं. साठवण्याआधी ट्रान्सपोज शून्यावर आणा, कारण बऱ्याच कीबोर्डांत ते बटण ट्रान्सपोजही लक्षात ठेवतं. आणि बटण दुसऱ्या पानावर (बँकेत) असेल तर त्या पानाचा आकडा कागदावर लिहून कीबोर्डच्या कडेला चिकटवा.